गोठा बघून घेतलेली नोकरी

आमच्या सासरच्या घराण्यात कुठल्याही मुलीचं लग्न ठरायचं असलं की नानांना बोलावणं जायचं. नाना म्हणजे माझे चुलत सासरे. टोकावड्याला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर, भाताची शेती, डोक्यावर पांढरी टोपी आणि दातांत सदैव एखादी काडी. मुलाकडचं घर बघायला चारपाच माणसं जायची. बाकीचे ओटीवर बसून पोहे खायचे, जमिनीची नि नोकरीची चौकशी करायचे. नाना मात्र पोह्यांना हात लावायच्या आधीच उठायचे. "जरा जाऊन येतो," असं म्हणत घराच्या मागच्या अंगाला वळायचे आणि थेट गोठ्यात शिरायचे.

गोठ्यात ते बैलासमोर उभे राहायचे आणि अचानक हात वर उचलायचे. मारायला नव्हे, नुसता उचलायचे. बैलानं डोळे मिटून मान बाजूला काढली, की नाना परत येऊन पोहे न खाताच पायांत वहाणा घालायचे. बैल नुसता बघत राहिला, किंवा खायला काही आणलंय का म्हणून त्यांचा हात हुंगायला लागला, की नाना ओटीवर येऊन दुसऱ्यांदा पोहे मागायचे. पुरुष घरी आले की आम्ही बायका एवढंच विचारायचो, "नानांनी पोहे किती खाल्ले?" निकाल त्यात कळायचा.

"मान्सं पावन्यांसमोर गोड बोलत्यात," नाना सांगायचे. "बैलाला कोन सांगून ठेवनार, आज पावने यायचेत म्हनून?"

आम्ही सुना पदराआड या प्रकाराची भरपूर टिंगल करायचो. एकीचं म्हणणं असं, की नानांना पोरीपेक्षा बैलाचीच काळजी जास्त. मीही हसण्यात पुढे असायची. पण माझ्या सगळ्या नोकरीतला सर्वांत मोठा निर्णय मी या गोठ्याच्या पद्धतीनं घेतला, आणि दिवाळी अंकासाठी नोकरीबद्दल लिहा म्हटल्यावर मला ना बढती आठवली, ना निरोपसमारंभातला नारळ. नाना आठवले.

मी शिक्षिका होते. डोळखांबच्या पुढे डोंगरात एका संस्थेची आश्रमशाळा आहे, तिथं विज्ञान आणि गणित शिकवायची. आश्रमशाळा म्हणजे मुलांनी तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि तिथंच शिकायचं. मुलांची घरं वरच्या पाड्यांवर. दिवाळीनंतर भात घरात आलं की आईबाप वीटभट्टीवर कामाला निघायचे, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुलीला सोबत न्यायचे. त्यामुळे विज्ञानाच्या बाईचं खरं काम दिवाळीनंतर विज्ञान शिकवणं हे नव्हतंच. पाड्यावर जायचं, पोरगी गेली असेल तर भट्टीवर जायचं, आईशी भांडायचं, चहा प्यायचा, पुन्हा भांडायचं आणि पोरीला घेऊन यायचं. हे करताना अंगात जरा दांडगाई लागते. ती माझ्यात उपजतच होती.

दुसरी अडचण भाषेची. या मुलांची घरातली बोली वेगळी, पुस्तकातली मराठी वेगळी. नवीन मूल प्रत्येक प्रश्नाला "हां बाई" म्हणतं. समजलं का? हां बाई. नाही समजलं का? हां बाई. नवख्या शिक्षकाला वाटतं, काय शहाणा वर्ग मिळालाय! मला हे कळायला एक पावसाळा गेला. मग मी पुस्तक मिटलं आणि 'दाब' शिकवायला स्वयंपाकघरातला विळा मागवला. "याला धार का लावतो?" एवढंच विचारलं आणि वर्ग माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलायला लागला. त्या दिवसापासून मला माझी नोकरी मनापासून आवडायला लागली, ती शेवटपर्यंत.

वर्गात माझे नियम दोनच होते. मुलावर हात उचलायचा नाही आणि आलेल्या मुलाला बाहेर काढायचं नाही. मी काही साध्वी नव्हे. ओरडायची इतकी, की पत्र्यावरचे कावळे उडायचे. पण हात नाही. मुरबाडला शाळेत असताना आमच्या गणिताच्या गुरुजींच्या छडीपायी मला सातचा पाढा येत असूनही म्हणता येत नसे. गुरुजी समोर नसले की घरी घडाघडा म्हणायची. ती गोष्ट मी कधी विसरले नाही.

बाहेर न काढण्याचा नियम जास्त महाग पडायचा. त्याचं कारण जनी. जनी वरच्या पाड्यावरची, काळीसावळी, उंच, गणितात अगदीच कच्ची. नववीत एकदा नापास झालेली, दुसऱ्यांदाही तीच लक्षणं. आमचे मुख्याध्यापक चांगले गृहस्थ होते, पण दहावीचा निकाल घसरला की वरून त्यांनाच बोलणी बसायची. ते एकदा म्हणाले, "बाई, हिला घरी पाठवू या. तिचंही डोकं मोकळं, आपलंही." मी म्हटलं, "सर, तिचं डोकं माझ्याकडे द्या, तुमचं तेवढं मोकळं ठेवा." ते रागावले, मग हसले, आणि जनी राहिली.

गणितात कच्ची असली तरी जनीची जीभ पक्की होती. ती कुणालाही काहीही विचारायची. एकदा मी फळ्यावर चुकले, तर हात वर करून म्हणाली, "बाई, तुमी पन नववीत नापास झाल्या व्हत्या काय?" सगळा वर्ग खो खो हसला. मलाही हसू आवरलं नाही.

नव्वदच्या दशकाचा तो उत्तरार्ध. माझी चाळिशी उलटली होती. मुलगी शिकायला कल्याणच्या वसतिगृहात गेली. आमचे हे एसटीत ड्रायव्हर, मुरबाड डेपोत, माळशेज घाटाच्या गाडीवर. मी आठवडाभर शाळेच्या खोलीत आणि सुट्टीला टोकावड्याला. आणि मला एकाएकी परदेशात जाऊन शिकवायची हौस उपटली. पैसा नको होता असं म्हणणार नाही. घराची कौलं दर पावसाळ्यात आम्हाला भांडी मांडायला लावत, आणि ह्यांना स्लॅबच्या घराचं फार होतं. पण त्याहून मोठं कारण वेगळं होतं. आयुष्यभर मुलांना जगाचा नकाशा दाखवला आणि मी स्वतः नाशिकच्या पुढे गेले नव्हते. दुसऱ्या टोकाची मुलं 'दाब' कशी शिकतात, हे मला एकदा बघायचं होतं.

शहापूरच्या वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र यायचं. त्यात महिन्याभरात दोन जाहिराती दिसल्या. एक आखातातल्या मोठ्या शाळेची, भरपूर पगाराची. दुसरी पूर्व आफ्रिकेत, टांझानियातल्या एका डोंगराळ गावातल्या निवासी शाळेची, आपल्यापेक्षा थोड्याच जास्त पगाराची. मी दोन्हीकडे अर्ज टाकले. संस्था दोन वर्षांची बिनपगारी रजा द्यायला तयार झाली. मुख्याध्यापक तर जरा जास्तच लवकर तयार झाले.

आखाताचं काम शहापूरचा एक एजंट बघायचा. झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्याची खोली, भिंतीवर विमानाचं चित्र. माझी कागदपत्रं बघून तो म्हणाला, "मॅडम, तुमी गणितवाले म्हणजे हातोहात जाल. फक्त आश्रमशाळा-बिश्रमशाळा जास्त बोलू नका. रेसिडेन्शियल स्कूल बोला." मी म्हटलं, आमच्याकडे भात-आमटी मिळते, ती रेसिडेन्शियल स्कूलमध्ये मिळते का? त्याला विनोद कळला नाही.

मुलाखत मुंबईला, आखातातली शाळा चालवणाऱ्या मंडळींच्याच इथल्या शाळेत. तोंडी प्रश्न झाल्यावर एका वर्गावर नमुन्याचा पाठ घ्यायला लावला. वर्ग सुरेख होता. मुलं ताठ बसलेली, वह्यांना सारखी वेष्टणं. मी शिकवायला लागले आणि सवयीप्रमाणे बाकांमधून फिरू लागले. भिंतीवर उंच एक तक्ता गुंडाळून ठेवला होता. तो ओढायला मी हात वर केला. पहिल्या बाकावरच्या मुलानं झटकन मान खाली घालून डोकं दोन्ही हातांत धरलं.

मी तक्ता ओढला आणि पाठ पुरा केला. मागे बसलेल्या पर्यवेक्षिका बाई हसून म्हणाल्या, "आमच्याकडे शिस्त फार चांगली आहे." नंतर त्यांनी मला चहा दिला आणि एक गोष्ट मोठ्या प्रेमानं सांगितली, की तुम्हाला तिकडे त्रासच नाही. कच्ची मुलं नववीतच दाखला देऊन काढतात. दहावीला शिकवायला फक्त हुशार मुलं. माझी निवड झाली.

आखातातल्या सगळ्याच शाळा अशा होत्या असं मुळीच नाही. आमच्याच एका सहकाऱ्याच्या बहिणीनं तिकडे सुखानं नोकरी केली आणि तिचे तिथले विद्यार्थी अजून तिला आठवणीनं फोन करतात. मी बघितली ती ही एक.

घरी आले तेव्हा ह्यांनी मुरबाडहून जिलेबी आणून ठेवली होती. शेजारपाजार जमला. स्लॅब कुठून कुठवर पडणार याची ह्यांनी हातवारे करून आखणी चालवली होती. नाना ओटीवर बसले होते, हातात जिलेबीची बशी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तरीनबाय, घर चांगलं हाय असं दिसतंय. गोठा बगलास का?"

सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. परतीच्या वाटेवर मी ज्या गोष्टीकडे बघायचं टाळत होते, नेमकी तीच नानांनी विचारली होती.

"बघितला, नाना," मी म्हटलं.

"नि?"

"मान काढली."

नानांनी जिलेबीची बशी तशीच खाली ठेवली.  मग ह्यांनीच सुरुवात केली, "पोर घाबरट असंल. एका पोरावरून काय ठरवतेस? दोन वर्षं डोळे मिटून काढ ना गो. तुला थोडंच कोन मारनार हाय?"

"मला मारणार नाहीत," मी म्हटलं, "पण मला मारायला लावतील. नाहीतर मारताना बघायला लावतील. जनीसारखी पोरगी दिसली की दाखला लिहायला लावतील."

ते रागानं उठून डेपोत गेले, सुट्टी असून. पुढचे काही दिवस आमच्या घरात मीठ, साखर एवढ्यापुरतंच बोलणं. माझंही मन डळमळत होतंच. त्या घराची कौलं मलाही गळत होती, फक्त त्यांनाच नाही. मी तर रात्रंदिवस स्वतःला समजावत होते, की आपण तिथं जाऊन आपल्या वर्गापुरतं तरी वेगळं वागू. पण तो मुलगा डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी एका रविवारी चहाचा कप माझ्यापुढे ठेवत हे स्वतःच म्हणाले, "नको जाऊस तिकडं. तू तिथून आल्यावर माज्याशीच भांडशील जल्मभर." त्यांचे हे उपकार मी अजून मोजते आहे.

एजंटाला नकार सांगितला तेव्हा त्यानं विमानाच्या चित्राकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "मॅडम, लोक आमच्या पाया पडतात," एवढंच म्हणाला.

राहिली आफ्रिकेची शाळा. तिची मुलाखत तिथल्या एका विश्वस्ताच्या वृद्ध नातेवाइकानं मुंबईत घेतली. भला माणूस. त्यानं स्वतः ती शाळा बघितली नव्हती हे सरळ सांगून टाकलं, वर शाळेचा फोन नंबर देऊन म्हणाला, "काय विचारायचं ते त्यांनाच विचारा." आता आली का पंचाईत! समुद्रापलीकडचा गोठा फोनवरून कसा बघायचा?

शहापूरच्या बाजारात एक एसटीडी-आयएसडीचा बूथ होता. काचेची पेटी, आत पंखा नाही. मालक ओळखीचा, त्याची धाकटी बहीण माझ्याकडे शिकलेली. मी नंबर लावला. बऱ्याच खटपटीनंतर मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिका, फोनवर आल्या. आवाज असा खणखणीत, की फोन कानापासून लांब धरावा लागला. बोलणं इंग्रजीतच चाललं होतं. मी म्हटलं, "मला तुम्हाला काही विचारायचं नाही. तुमच्या शाळेत गणितात सगळ्यांत कच्ची जी मुलगी असेल, तिला फोनवर द्याल का?"

 मला वाटलं, झालं, गेली ही पण नोकरी. मग मोठ्या बाई गडगडाटी हसल्या आणि कुणाला तरी हाक मारली, "नीमा!"

नीमा! आपल्याकडच्या मुलीचंच नाव. तिकडेही ते असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला उगीचच धीर आला. पोरगी धावत आली असावी, धापा टाकत होती. मी विचारलं, "नीमा, गणितात उत्तर आलं नाही तर काय होतं गं तुमच्या शाळेत?"

"पुन्हा करावं लागतं," ती म्हणाली. "तरी नाही आलं तर पुन्हा. फार कंटाळा येतो."

मी पुढचा प्रश्न विचारणार तोच तिनं सुरुवात केली. "तुम्ही नव्या गणिताच्या बाई का? तुम्ही मारता?"

"नाही. ओरडते."

"किती मोठ्यानं?"

आता या प्रश्नाला शब्दांत काय उत्तर देणार? मी त्या काचेच्या पेटीत उभी राहून, पोट आत घेऊन, आमच्या वर्गातली रोजची आरोळी ठोकली, "गप बसा रे!" बाहेर भाजी घेणाऱ्या बायका थबकल्या. बूथवाला धावत आला. "काय झालं बाई? कोन वारलं काय?"

फोनवर नीमा खिदळत होती. "आमच्या मोठ्या बाईंचा आवाज याच्याहून मोठा आहे," ती म्हणाली. मग एकदम गंभीर झाली. "मागचे गणिताचे सर अर्ध्या वर्षातच निघून गेले. त्याच्या आधीचेही. तुम्ही पण जाणार का?"

तोवर मी इथं परीक्षा घ्यायला आले होते, असा माझा समज होता. मी तिला म्हटलं, "कायमची राहीन असं सांगत नाही. पण दोन वर्षं म्हटलंय, त्यातला एक दिवसही कमी करणार नाही."

"मग या," नीमा म्हणाली, आणि फोन ठेवून दिला. मोठ्या बाईंना परत द्यायचंही तिला सुचलं नाही.

टोकावड्याला येऊन मी नानांना सगळं साग्रसंगीत सांगितलं. हात वर करायचा तर प्रश्न नव्हता, पण जी पोरगी अनोळखी बाईला फोनवर असं खडसावते, तिच्यावर कुणी हात उचलत नसणार, हे मी पटवून पटवून सांगितलं. नाना काडी चावत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बगू." घरातला मोठा माणूस 'बगू' म्हणाला की सुनेनं बॅग भरायची नसते. उत्तर कळवायची मुदत तर जवळ आली होती. माझा जीव टांगणीला लागला.

पुढच्या आठवड्यात मी सुट्टीला घरी आले त्या संध्याकाळी नाना आमच्याकडे आले. धोतर धुळीनं माखलेलं, चेहरा उन्हानं तापलेला, हातात बोरांची पिशवी. मी विचारलं, कुठं गेला होता? "गेलतो जरा," म्हणाले. बोरं माझ्यापुढे ठेवली आणि ओटीवर बसले. "पोहे टाक गो."

मी पोहे केले. नानांनी ते खाल्ले. बशी पुढे केली आणि म्हणाले, "आनखी हायेत काय?"

मी दारात उभी राहून त्यांच्याकडे बघतच राहिले. ह्यांनीही बघितलं. नानांनी दुसरी बशी संपवली, पाणी प्यायले आणि ह्यांना म्हणाले, "जाऊं दे तिला." मला वाटलं, काय आपलं वक्तृत्व! नीमाची गोष्ट आपण अशी रंगवून सांगितली, की म्हातारा विरघळला. नंतर कित्येक वर्षं मी तसंच समजत होते.

टांझानियाबद्दल लिहायचं तर वेगळा लेख होईल. पहिल्या दिवशी वर्गात गेले, फळ्याच्या वरच्या खिळ्याला तक्ता अडकवायला हात वर केला आणि मुद्दाम मागे वळून बघितलं. एकाही मुलानं मान काढली नव्हती. उलट मागच्या बाकावरून एक उंच मुलगी उठली आणि तक्ता माझ्या हातातून घेऊन तिनंच अडकवला. ती नीमा. तिथं मक्याच्या पिठाची घट्ट उकड करतात, ती हातानं मोडून भाजीशी खातात. मला आमच्या पाड्यावरची नाचणीची आंबील आठवायची. तिथंही सुगीला मुलं घरी जायची आणि त्यांना आणायला डोंगर चढावे लागायचे. तिथंही मी भांडले, चहा प्याले, पुन्हा भांडले. कोयत्याला धार का लावतात, हा प्रश्न तिथंही चालला. दोन वर्षं म्हणून गेलेली मी संस्थेच्या हातापाया पडून तिसरंही राहिले, कारण नीमाची शेवटची परीक्षा तेव्हा होती. गणितात काठावर का होईना, ती पास झाली. निघताना तिनं मला मोठ्यानं ओरडून दाखवायला सांगितलं. सगळी शाळा ऐकायला उभी होती. माझा आवाजच फुटेना.

एक खंत आहे ती सांगायलाच हवी. मी तिकडे असतानाच नाना गेले. ह्यांचा फोन आला तेव्हा बाहेर मुलं खेळत होती आणि मी कार्यालयात फोन धरून रडत उभी होते. त्यांना सांगायचं राहिलं, की नाना, तुम्ही तो एक प्रश्न विचारला नसता, तर मी त्या आखातातल्या शाळेत जाऊन कदाचित स्लॅब घातला असता आणि स्वतःच्याच मनातून कायमची उतरले असते. आमची कौलं पुढेही बरीच वर्षं गळली. पुढे मुलीनं नोकरीला लागल्यावर घर बांधलं.

मी परत डोळखांबला रुजू झाले आणि तिथूनच निवृत्त झाले. जनी मी नसताना दहावीला बसली, एकदा आपटली, दुसऱ्यांदा पास झाली. मुख्याध्यापकांनी स्वतः तिला शिकवलं, हे मला आल्यावर कळलं. मी त्यांना उगीच टाकून बोलले होते. जनी आता अंगणवाडीत आहे. निवृत्तीच्या आदल्या वर्षी ती मला डोळखांबच्या नाक्यावर भेटली, काखेत पोर, हातात पोषण आहाराची पिशवी. गाडी यायला वेळ होता. आम्ही चहा घेतला. बोलता बोलता तिनं विचारलं, "बाई, त्ये तुमच्याकडचं टोपीवालं म्हातारं, बोरंवालं, त्ये कसं हायेत?"

"कोण म्हातारं?"

"त्ये नाय का, तुमी आफ्रिकेला जायच्या आधी शाळेत आल्तं. तुमी शहापूरला मिटिंगला गेल्या व्हत्या. आमी पडवीत तांदूळ निवडीत व्हतो. आलं नि माज्यासमोर येऊन उगाच असा हात उगारला."

मी मनातल्या मनात नानांची वाट मोजली. टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, शहापूरहून डोळखांब, आणि पुढे पायी. कामाशिवाय मुरबाडही न ओलांडणारा माणूस.

"मग तू काय केलंस?"

"काय करनार? मी बोल्ली, काय आजा, माशी बसली काय माज्या डोक्यावर?" जनी हसली. "लय हसलं बाई त्ये. बोल्लं, व्हय गो, माशीच व्हती. मंग येकेका पोरासमोर जाऊन तसंच केलं. आमाला वाटलं येडं हाय. तरी मी वंजळभर बोरं दिली बिचाऱ्याला."

"आणि कशाला आलो, ते काही बोलले?"

"बोल्लं ना. बोल्लं, तुमच्या बाईला लांबच्या घरी द्यायची हाय. त्येंच्याकडनं कोन बगाया आलं नाय, म्हनून त्येंच्या वतीनं मीच आलो."

गाडी आली. जनीनं माझी पिशवी वर चढवायला मदत केली, खिडकीपाशी उभी राहून काहीतरी बोलत होती, मला धड ऐकू आलं नाही. टोकावड्याला पोचेपर्यंत दिवस मावळला होता. मी घरात शिरले, पिशवी ठेवली आणि पोहे भिजवले. हे ओटीवरून म्हणाले, "आज मधेच पोहे कशे काय?"

मी दोघांना बशा भरल्या. माझी संपली तशी पुन्हा आत गेले आणि दुसऱ्यांदा वाढून घेतले.